ग्रिझेतच्या पाठीवरची उडी

मित्रांनो, वय कळावे म्हणून माझे दात पाहू नका, उरलेत थोडेच. मी ग्रिझेत, एक म्हातारी करडी घोडी. आज बर्गंडीतल्या एका द्राक्षमळ्यामागे गवत चघळत उभी असते. पण एके काळी मी सम्राटाच्या घोडदळात होते. तेव्हा एका बुटक्या माणसाने माझ्या पाठीवर घेतलेली उडी आठवली, की अजून अंगावर शहारा येतो.

माझा स्वार गोतिए. ताडमाड उंच, जिभेने तिखट, पण खरारा मन लावून करायचा. समुद्रकाठच्या छावणीत आम्ही असताना एक नवा हुकूम आला. तोवर उंच जवानांचाच काय तो मान, बुटक्यांना कुणी विचारत नसे. आता त्यांच्यातल्या चपळांची वेगळी तुकडी होणार होती. त्यांनी धावत येऊन स्वारामागे घोड्यावर उडी घ्यायची आणि लढाईच्या तोंडाशी टुणकन उतरून बंदुका चालवायच्या. म्हणून त्यांना नाव मिळाले व्होल्तिझर, म्हणजे उडी घेणारे.

लझार त्यांच्यातलाच एक. त्याचे डोके माझ्या खोगिराला जेमतेम टेकायचे. जन्मभर लोक त्याच्या उंचीला हसले होते. त्यामुळे हे नाव खरे करून दाखवायचे, असा त्याने ध्यास घेतला. पण पहिल्याच दिवशी तो मागून गुपचूप धावत आला. मग मी काय करणार? लाथ झाडली. लझार चिखलात!

"अरे पिल्ला, घोडी आहे ती, कुंपण नाही!" गोतिए खो खो हसला. "आधी तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेव. मी आलोय म्हणून सांग तिला. मग मार उडी."

तेव्हापासून लझार रोज हात ठेवी, "आलो गं बाई," म्हणे आणि झेप घेई. कधी बंदूक आडवी येई, कधी तो पलीकडे जाऊन पडे. जमत आले होते, तोच हुकूम फिरला. घोडे बुजतात, माणसे टापांखाली येतात, तेव्हा उड्या बंद, व्होल्तिझरांनी पायीच पळावे! लझारला नव्या तुकडीची पिवळी कॉलर मिळाली, नावही मिळाले. उडी तेवढी राहिली.

"काय उडीवाले, एक तरी उडी मारलीत का?" गोतिए भेटेल तिथे डिवची. लझार कॉलर चाचपत मान खाली घाली. मला त्याचे फार वाईट वाटे.

पुढे ऑस्ट्रियात एका ओढ्याकाठी लढाई जुंपली. व्होल्तिझर आमच्या मागेच पायी लढत होते. गोतिएच्या खांद्यात गोळी शिरली आणि तो माझ्या मानेवर कोसळला. लगाम सुटला. समोरून शत्रूचे स्वार दौडत येत होते, आणि मी हुकमाची वाट पाहत उभी होते.

इतक्यात पुठ्ठ्यावर एक तळवा टेकला.

"आलो गं बाई."

मी लाथ झाडली नाही, श्वाससुद्धा रोखला. पाठीवर पडशी, खांद्याला बंदूक, तरी तो एवढासा माणूस जमिनीवरून उठला आणि गोतिएच्या मागे अलगद येऊन बसला! मी पुष्कळ तोफा पाहिल्या, राजेही पाहिले. असे काही पाहिले नाही. एका हाताने त्याने गोतिएला कवटाळले, दुसऱ्याने लगाम ओढला, आणि मी जीव घेऊन पळाले.

ओढा ओलांडल्यावर गोतिएने डोळे उघडले. "कोण रे मागे?"

"व्होल्तिझर," लझार म्हणाला.

"खरंच की," गोतिए पुटपुटला. पुन्हा त्याने कधी डिवचले नाही.

मी म्हातारी झाल्यावर सैन्याने मला खाटकाच्या दारी उभे केले. तिथून लझारने मला सोडवून या मळ्यात आणले. आता त्याचा गुडघा गेलाय आणि माझे डोळे. मित्रांनो, थकल्या जिवाच्या मागून जाताना घाई करू नका. आधी हात ठेवा, आलोय म्हणून सांगा. लझार अजून तसेच करतो. उडी त्याला आता जमायची नाही, पण तळवा टेकला की मी आजही पाठ ताठ करून उभी राहते.