दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही

वकीलबाईंच्या ऑफिसला लिफ्ट नव्हती, याचं मिस्त्रीला बरं वाटायचं. आयुष्य लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलं आणि आता तीन जिने चढताना धाप लागली तरी चालेल, पण त्या पेटीत पाय ठेवायला नको, अशी गत झाली होती.

"नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "माणूस मेला म्हणजे प्रत्येक वेळी खूनच होतो असं नाही. जीव घ्यायच्या इराद्याने मारलं, तर खून. इरादा नव्हता, पण यात माणूस मरू शकतो हे ठाऊक असूनही केलं, तर सदोष मनुष्यवध. आणि लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं नाही, तर निष्काळजीपणा. तुमच्यावर हा शेवटचा आरोप आहे. देखभाल नीट केली नाही, एवढाच. सगळ्यात हलका."

"आणि ठाऊक असूनच केलं असेल तर?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

इमारत जुनी, लिफ्ट जाळीच्या सरकत्या दारांची. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक स्विच. दार उघडलं की वीज तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. चौथ्या मजल्यावरचा स्विच झिजला होता, त्यामुळे लिफ्ट अधेमधे अडकायची. नवा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तोवर लिफ्ट बंद ठेवायची, हे मिस्त्री झोपेतसुद्धा सांगू शकला असता. पण त्या दिवशी चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड हलत होतं आणि खाली सामान नेणारी गाडी खोळंबली होती. "एवढी वर्षं काय नुसत्या किल्ल्या फिरवता का हो?" असं त्या बिऱ्हाडवाल्यांकडून चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. मिस्त्रीचं डोकं सणकलं. त्याने वीतभर वायर घेतली, स्विचला वगळून दोन टोकं जोडून टाकली आणि लिफ्ट सुरू करून दिली. एका दिवसाने काय होतंय! वॉचमनला तेवढं सांगून जावं, असं मनात आलंही होतं. पण वॉचमन गच्चीवर टाकीपाशी होता. मिस्त्री वर गेला नाही.

वॉचमन मिस्त्रीचा मित्र, त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. तासाभराने सामान हलवायला मदत करताना सावकाशने चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि कपाट ओढत पाठमोरा मागे सरकला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं असूनही लिफ्ट वर निघून गेली आणि सावकाश रिकाम्या खड्ड्यात कोसळला.

बोलावणं आल्यावर मिस्त्री धावत आला तो पोलिसांच्या आधी. आणि त्याने पहिलं काम काय केलं? खाली पडलेल्या मित्राकडे नाही गेला. चौथ्या मजल्यावर जाऊन वायर उपटली आणि खिशात घातली. तपासणाऱ्यांना फक्त झिजलेला स्विच सापडला.

"आपल्यापुढे दोन वाटा आहेत," वकीलबाई सांगत होत्या. "गुन्हा कबूल करून दया मागायची, नाहीतर लढायचं. मी म्हणते लढू. स्विच बदला म्हणून तुम्ही मालकाला दोनदा सांगितलं होतं, त्याला साक्षीदार आहेत. आणि मागे न बघता लिफ्टमध्ये शिरतो तो माणूस स्वतःच निष्काळजी. सुटाल तुम्ही."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. मिस्त्रीला ते कळत होतं, तरी त्याने मान डोलावली. घरी बायको होती, शिकणारी मुलगी होती. तुरुंगाची भीती तर होतीच होती.

कोर्टात सावकाशची बायको साक्षीला उभी राहिली. मिस्त्री तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊ म्हणायची. तिच्या हातचा चहा तो कितीदा प्यायला होता. आज तो तिच्या पायांकडे बघत होता.

"तुमच्या यजमानांनी मागे वळून बघितलं नाही," वकीलबाईंनी विचारलं. "ते असेच बेफिकीर होते का?"

"बेफिकीर?" वहिनी म्हणाली. "अहो, ते लिफ्टला घाबरायचे. नोकरीला लागल्यावर सहा महिने जिन्यानेच चढउतार. शेवटी या भाऊंनीच त्यांची भीती घालवली."

वकीलबाई म्हणाल्या, "ठीक आहे, बसा." पण वहिनी बोलतच राहिली.

"भाऊंनी त्यांना आत उभं केलं. दार उघडं ठेवून सगळी बटणं दाबून दाखवली. म्हणाले, सावकाश, दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, माझी गॅरंटी. डोळे मिटून पाठमोरा शिर. घरी येऊन दोघं हसले होते किती." तिने पदराने तोंड पुसलं. "भाऊंवर माझा राग नाही, साहेब. ते आमचं वाईट करणार नाहीत. मला एवढंच कळत नाही, की दार उघडं असताना लिफ्ट हललीच कशी? कोणी सांगतच नाही हो."

सावकाश चुकला नव्हता. त्याने शब्दन् शब्द पाळला होता, आणि शब्द मिस्त्रीचा होता.

तो उठला. वकीलबाईंनी त्याची बाही धरली, "बसा, बसा खाली," म्हणाल्या. न्यायाधीशांनी मान वर केली.

"मी सांगतो, वहिनी," मिस्त्री म्हणाला. तो न्यायाधीशांकडे बघतच नव्हता. "मी स्विचला वगळून वायर जोडली होती. दार उघडं असलं तरी लिफ्ट हलणार, हे मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. सांगायला दोन जिने चढावे लागले असते, मी चढलो नाही."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते पडले, तेव्हाही त्यांचा तुमच्यावर विश्वास होता."

"हो," मिस्त्री म्हणाला.