हरिसिंगच्या जीपला गोळ्या लागल्या

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात दहा माणसं बसतील असं कागदावर लिहिलं होतं. दारव्ह्याला आल्यावर कळलं, तो कागद इथं कुणी वाचत नाही.

दारव्हा ते बोरी अरब या रस्त्यावर मी कोंबड्या, तुरीची पोती, नवऱ्या मुली, सगळं वाहिलं. मालक फुलसिंग मला रोज धुवायचा, अगरबत्ती ओवाळायचा. लोक म्हणायचे, "बसाचं तं फुलसिंगच्या जीपीत." शेजारी हरिसिंगची जीप उभी राहायची. तिचं एक दार सुतळीनं बांधलेलं. मला तिची दया यायची. किती सुखाचे दिवस होते ते.

मग एक मोठा दिग्दर्शक आला. परदेशात बक्षिसं मिळवणारा. त्याला सिनेमासाठी जीप हवी होती. साहेब उद्या जीप बघायला येणार म्हटल्यावर फुलसिंगनं घरी पाहुणे यावेत तसं केलं. मला लोहारा गावच्या गॅरेजात नेऊन पिवळाधम्मक रंग दिला, झेंडूचा हार घातला. हरिसिंग लग्नाला गेलेला. त्याच्या जीपमधली कोंबड्यांची पिसंही कुणी झाडली नव्हती.

दिग्दर्शक माझ्यासमोरून सरळ पुढं गेला. हरिसिंगच्या जीपच्या गंजावर तळहात ठेवून त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "हीच."

"साहेब, तिचं दार पडते," फुलसिंग म्हणाला.

"म्हणूनच."

पुढं बाजाराच्या मैदानात पडदा लावून तो सिनेमा दाखवला. आम्ही गाड्या मागं उभ्या. सुरुवातीलाच दाराला भोकं पाडत आलेल्या गोळ्या लागून ड्रायव्हर मरतो, तरी जीप चालतच राहते. रस्त्यातून माणसं उगवतात, ती त्यांना चिरडते. कोरड्या नळाला रक्त येतं. पोलिसाची टोपी घातलेला बैल निकाल वाचतो, आणि मेलेला ड्रायव्हर उठून तो ऐकतो.

माझ्यात बसलेल्या बोरी अरबच्या विमलताईंनी विचारलं, "मेला होता न तो? वापस कसा आला?"

"मोठा डायरेक्टर हाये, ताई. त्याले चालते," फुलसिंग म्हणाला.

मला अर्धा सिनेमा समजला नाही. समजला तो अर्धा आवडला नाही. पण शेवटी ती रिकामी जीप कपाशीच्या वावरात थांबते, दार आपोआप गळून पडतं, आणि वाऱ्यानं उडालेला कापूस येऊन सीटवर बसतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फुलसिंगला वाटलं, रेडिएटर गळतो. तो सीन सुंदर होता, हेच माझं दुःख आहे.

दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्यासाठी खोळंबू लागले. मुडदा बसला होता त्या सीटसाठी भांडणं व्हायची. मी रिकामी. शेवटी फुलसिंगनं मला पुन्हा लोहाऱ्याला नेलं आणि ड्रिलनं दाराला भोकं पाडून आणली. दुखलं. पण खोटं कशाला बोलू, दार मीच पुढं केलं होतं.

परतल्यावर फक्त विमलताई बसल्या.

"फुलसिंगभाऊ, हे भोकं कायले?"

"गोळ्या लागल्या, ताई."

"कोणं मारल्या?"

फुलसिंगनं गिअर टाकून मला दामटलं.

"कानात हवा भरून राह्यली न बाप्पा," म्हणत त्यांनी गाठोड्यातून कापूस काढला आणि एकेक भोक बुजवलं. शेजारून हरिसिंगची जीप गच्च भरून गेली.

मित्रांनो, वाहनांची निगा राखा. त्यांना धुवा, तेलपाणी करा. फक्त गावात दिग्दर्शक येणार असेल तर तेवढे दिवस फडका लपवून ठेवा. आणि माझ्यात बसाल तेव्हा दारातला कापूस काढू नका. तेवढा एक सीन माझा आहे.