भागीबाईच्या तळहातावरची हळद

"बघा, रगत."

चिमाजी भगत हे हळूच बोलला, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. तांब्यातलं हळदीचं पाणी त्याने भागीबाईच्या तळहातावर ओतलं होतं. पिवळं पाणी हातावर पडताच लालभडक झालं आणि बोटांमधून मातीत ठिबकू लागलं.

पेठ तालुक्यातला तो डोंगरातला पाडा श्वास रोखून बघत राहिला. मागे कोसळलेली पाण्याची टाकी पडली होती. आदल्या सकाळी तिच्याखाली पुंजाची लेक आशा सापडली होती. हंड्याचा काठ तिने तेव्हाही घट्ट धरलेला होता.

"टाकीनं पोर नाय खाल्ली," भगत घुमू लागला. "टाकी बिचारी शेमिटाची. पोर खाल्ली डाकिणीनं. दर अवसेला हिला खांब चाटताना या डोळ्यांनी पाह्यलंय मी."

अंधारात खांब चाटणारी म्हातारी या डोळ्यांना दिसली होती. खांबाला गेलेल्या हातभर भेगा भरदिवसा दिसल्या नव्हत्या. टाकी बांधणारा ठेकेदार जीवन शेठ गाडीला टेकून, हात जोडून उभा होता. भगताला आणलं होतं त्यानेच.

भागीबाईचा गुन्हा एवढाच, की तिच्या झोपडीपर्यंत नळ आला नाही तेव्हा ती रागाने म्हणाली होती, "पडंल ही टाकी एक दिस."

पहिली काठी त्या लाल हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तरी दुसरी काठी उठलीच. ती पाठीत बसली. तिसरी पुंजाची होती. ती डोक्यावर येणार तोच आश्रमशाळेत विज्ञान शिकवणारी मनीषा मध्ये घुसली. आशा तिच्याच वर्गात होती. काठी मनीषाच्या खांद्यावर आदळली आणि तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला.

"बाजूला व्हा बाई," पुंजा म्हणाला. "नायतर तुम्हालाबी सोडणार नाय."

"नको सोडूस. पण आधी माझा हात बघ." तिने भगतासमोर हात धरला. "ओता."

पाणी पडलं. पिवळं ते पिवळंच राहिलं.

"बाई चोख हायेत," भगत हसला. "देवीला सगळं कळतंय."

भगताच्या फुगलेल्या गालाकडे बघत मनीषा म्हातारीजवळ बसली. "आजी, मघाशी तंबाखू कुणासाठी मळलीस?"

भागीबाई कण्हत म्हणाली, "यानंच मागितली. म्हणला, आजे, चिमूटभर मळून दे. मागितल्यावर नाय कसं म्हणायचं?"

गर्दीत चुळबूळ झाली. आल्या माणसाला तंबाखू मळून देणं, ही पाड्याची रीतच. भगताच्या गालात ती तंबाखू अजून तशीच होती.

मनीषाने म्हातारीच्या कमरेच्या चंचीतून चुन्याची डबी काढली, बोटभर चुना आपल्या पिवळ्या हातावर चोळला. हात लाल झाला.

"आता पुंजा, तू."

पुंजाने काठी उजव्या हातातच ठेवली, डावा तळहात पुढे केला. दिवसभर तंबाखू मळणारा हात तो. पाणी पडताच लाल झाला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हंजे पोरीला बापानंच...?" पुंजाच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणीच नाही," मनीषा म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकूही असंच करतात. सिमेंटातही चुना असतो. चला, आता टाकीलाच विचारू."

हातपंपाचा ओटा पाड्याने स्वतः राबून बांधला होता. तिने त्याचा कोपरा फोडायला लावला, आतल्या ताज्या भागावर हळद ओतली. लाल. मग पडलेल्या खांबाचा तुकडा फोडला, तोही आतून. हळद पिवळीच राहिली.

"यात सिमेंट नावालाच होतं. बाकी मातकट वाळू. खांब इतका भुसभुशीत, की होता तेवढा चुनाही हवापावसाने मारून टाकला."

सगळ्या माना शेठकडे वळल्या. तो गाडीच्या दाराकडे सरकला. "माझ्या एकट्याचं काय घेऊन बसलात? बिल काढायला साहेबाला द्या, पुढाऱ्याला द्या. उरलं त्यात टाकी उभी केली."

लोकांनी त्याला गचांडी धरून खाली पाडलं. भगत पळाला, त्यालाही ओढत आणलं. कुणाच्या तरी लाथेने त्याच्या तोंडातली तंबाखू रक्तासकट बाहेर पडली. पुंजाने काठी उगारली, शेठच्या डोक्यावर.

"मघाशीही तुझी अशीच खात्री होती, पुंजा," मनीषा म्हणाली.

काठी वळली आणि सगळ्या जोराने खांबावर बसली. काठी शाबूत राहिली. खांबाचा कोपरा भुगा होऊन पडला.



"दोघांना पोलिसांच्या ताब्यात द्या," मनीषा म्हणाली. "हे तुकडे जपून ठेवा. पैसे खाणारे वरचे साहेबही या तुकड्यांसमोर उभे राहिले पाहिजेत. टाकी पडली तर टाकीला विचारा. बांधणाऱ्याला विचारा, पास करणाऱ्याला विचारा. म्हातारीला मारून एकही टाकी उभी राहत नाही. उलट पुढची पाडणाऱ्याला मोकळं रान मिळतं."

शेठच्याच गाडीतून भागीबाईला दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिला उचलायला पुंजा खाली वाकला. त्याचा हात अजून लाल होता.

"पुंज्या," म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "या हाताला धरू नको. तो मोडलाय."