थंडीआधीचा उपास

तळघरातल्या पेटीचं झाकण ऑर्विल कोल्स्टाडनं उचललं आणि खाली वाकून पुन्हा पाहिलं. पेनीच्या अंगाच्या मधोमध फुगवटा होता. चांगला अख्ख्या उंदराएवढा.

पेनी म्हणजे त्याच्या बायकोची, इंगाची पाळीव सापीण, मिल्कस्नेक जातीची. दोन हात लांब, राखाडी अंगावर तांबूस पट्टे, विषाचं नाव नाही, वय चौदा. इंगा मार्चमध्ये गेली आणि ही ठेव मागे ठेवून गेली. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात रानातले हे साप जमिनीत खोल पडून राहतात, म्हणून इंगा पेनीलाही दर वर्षी तीन महिने गार तळघरात झोपवायची. पण त्याआधी दोन आठवडे कडकडीत उपास. पोटात काही राहिलं तर थंडीत ते पचत नाही, आतल्या आत सडतं आणि साप हकनाक मरतो. इंगानं हे पथ्य एकदाही मोडलं नव्हतं. आणि आता पेनीला खाली ठेवून चौथा दिवस, तरी उंदीर पोटात जसाच्या तसा.

गुन्हेगार कोण ते ऑर्विलनं जागच्या जागी ठरवून टाकलं. त्याची मुलगी कोरीन. दुसरं कोण? रविवारी डबा घेऊन आली होती, आणि गोठवलेल्या उंदरांची पाकिटं फ्रीजरमध्ये मटारांना खेटूनच असतात. बाईसाहेबांना सापाची दया आली असणार! नाही तरी दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची तिला खोडच. दोन महिने तिचं एकच पालुपद चालू होतं, बाबा, माझ्याकडे राहायला या, गाडी चालवू नका.

त्यानं फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. आईची शेवटची आठवण तू मारलीस, इथपर्यंत बोलला. मी उंदराला हातसुद्धा लावलेला नाही, असं ती दोनदा म्हणाली. मग वीस मिनिटांत बर्फाच्या रस्त्यानं घरातल्या सपाता घालूनच येऊन थडकली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, ऊब द्या, पण एकदम नको. अंगाला हात लावू नका, पोट दाबू नका. संध्याकाळपर्यंत पोट ताठ होऊन हिरवट दिसायला लागलं तर आशा सोडा. बापलेकीनं पेटी आधी जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली, तासाभरानं स्वयंपाकघरात आणली, मग तिच्याखाली विजेवर तापणारी पट्टी सरकवली. दोघंही फरशीवर बसून राहिली. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती, म्हणून पेटीकडे बघत होती.

शेवटचं खाणं कधी दिलं ते डॉक्टरीणबाईंना हवं होतं. ऑर्विल वरच्या खोलीत गेला. पेनीच्या रिकाम्या काचपेटीवर इंगानं सुरू केलेलं कार्ड चिकटवलेलं होतं. कधी खाल्लं, कधी कात टाकली, सगळं त्यावर. ‘३ नोव्हेंबर. एक उंदीर. शेवटचा.’ त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ‘१७ नोव्हेंबर. एक उंदीर.’

अठराला तर पेनी तळघरात गेली होती.

अक्षर त्याचंच होतं. लंगडा काढलेला सात त्याचाच. त्यानं डोकं ताणून पाहिलं. फ्रीजर उघडल्याचं आठवेना, उंदीर कोमट पाण्यात ठेवल्याचं आठवेना, काहीच आठवेना. त्याला भयंकर भीती वाटली. हे कोरीननं पाहिलं की घर गेलं, गाडीची किल्ली गेली. आणि तिचं म्हणणं खरंच असेल, याची तर जास्तच भीती. त्यानं कार्ड उपटून सदऱ्याच्या खिशात घातलं.

खाली येऊन त्यानं तीन तारीख सांगितली. कोरीननं ती फोनवर कळवली.

दुपारी तीनच्या सुमाराला पेनीनं जबडा वासला. अंगातून एकामागून एक उबळी येत गेल्या आणि उंदीर बाहेर पडला. घाण अशी सुटली की नाक धरावं. पण नाक धरायचं भान कुणाला होतं? पेनी दोरीसारखी निपचित पडली होती. एक मिनिट गेलं. आणखी एक गेलं. मग तिची जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली.

कोरीन हुंदके देऊन रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, “रविवारी मीच दिला असेन बाबा. माझ्या लक्षात नाही. जाऊ दे आता.”

दिला नव्हता. भांडण मिटावं म्हणून पोर बापाचं पाप डोक्यावर घेत होती. ऑर्विलला स्वतःची लाज वाटली. त्यानं खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. “तुम्हाला आठवतंय हे?”

“नाही.”

तिनं नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं टेबलावरचं पेन ओढून तिच्या हातात दिलं.

“लिही. आज ओकली. दहा दिवस खायला देऊ नये.”

“तुम्हीच लिहा ना बाबा. तुमचं कार्ड आहे.”

“तू लिही, पोरी. माझ्या अक्षराचा आता मलाच भरवसा नाही.”