बयाबाईला न सोसणारी घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि मी टोचते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुकानातल्या ब्लँकेटसारखा गुळगुळीतपणा माझ्याकडून होणार नाही. पाली गावाच्या वर, राजगडाच्या अंगाला धनगरांची एक वस्ती आहे. तिथल्या बाजीनं आपल्या काळ्या मेंढ्या कातरल्या, त्याची बायको बयाबाई हिनं चरख्यावर लोकर कातली आणि सणगरानं मागावर मला विणलं. मग चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं. त्या खळीनं मी अशी कडक झाले की भिंतीला टेकवली असती तर उभी राहिले असते.

बयाबाईनं मला स्वतःसाठी करून घेतलं होतं. मेंढरांमागं जाताना ती माझी खोळ करून डोक्यावरून घ्यायची. पाऊस माझ्यावरून निथळून जायचा आणि ती आत कोरडी राहायची. अंथरूण मी, पांघरूण मी, लेकराला पाजताना आडोसाही मीच. गडावर जाणाऱ्या एका मुलीनं मला विकत मागितलं, तेव्हा बयाबाई म्हणाली, "न्हाई बाई. कातडी काढून कुनी देतं व्हय?"

मग बयाबाईच्या डाव्या स्तनात गाठ आली. मित्रांनो, हा शब्द वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या आणि पुढं चला. वस्तीवर तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'तिथं' म्हणतात, 'त्या जागी' म्हणतात, आणि असं म्हणता म्हणता गाठ लिंबाएवढी होते. बयाबाईची झाली. पुण्याच्या दवाखान्यात तिचा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, औषधाचे फेरे संपले. सगळे म्हणाले, सुटली बाई एकदाची.

ती घरी आली तेव्हा थंडी होती. बाजीनं मला उचललं आणि सवयीनं तिच्या अंगावर टाकलं. तिनं मला असं भिरकावलं की मी चुलीपाशी जाऊन पडले. बाजीनं मला झटकलं आणि वळणीच्या दोरीवर टाकलं.

वळणीवरून मला सगळं दिसायचं. तिला टोचणारी मी एकटीच नव्हते. व्रणावरून पदर घासला तरी ती ओठ चावायची. ब्लाउजची शिवण, दारातून येणारा वारा, अंघोळीच्या पाण्याची धार, सगळ्यानं आग. आणि शेजारीच, काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला, काहीच नाही. तिथं बोट लावलं तर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखं.

एका दुपारी तिची थोरली जाऊ ठकुबाई येऊन बसली.

"आग व्हती का गं?"

"लई. पदर बी सोसत न्हाई."

"मंग मूळ राहिलंय आत. आग उगाच व्हत न्हाई. माझ्या मावळणीचं असंच झालं."

"मंग काय झालं त्यांचं?"

"काय व्हनार? गेली."

ठकुबाई वाईट नव्हती. पण काही माहीत नसताना ज्यांना गप्प बसता येत नाही, अशा माणसांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईट माणसांनीही केलं नसेल. त्या दुपारपासून बयाबाईनं मनाशी धरलं की आजार परत आलाय. पुन्हा चिरून घ्यायचं नाही, हितंच डोंगरात संपायचं. तपासणीची तारीख जवळ आली होती, ती तिनं जाऊ दिली. मेंढरांमागं जाणं सोडलं. बाजीला यातलं अक्षर सांगितलं नाही.

ठकुबाई मग शेक द्यायला येऊ लागली. आमच्या वस्तीवर बाळंतपणापासून मुक्या मारापर्यंत सगळ्याला शेकच. तव्यावर फडक्याचा बोळा तापवायचा आणि दाबून धरायचा. व्रणाला तर बयाबाई हात लावू देईना, म्हणून ठकुबाईनं तो बोळा तिच्या काखेत धरला.

"चटका बसतोय का?"

"न्हाई. चांगलं वाटतंय."

चांगलं वाटत नव्हतं, मित्रांनो. काहीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून प्रेरणा सासूला ब्लाउज घालायला मदत करत होती. हात वर होईना, म्हणून ती रोजच करायची. काखेत टरटरून फोड आला होता.

"आत्या, हे कशानं भाजलं?"

"कुठं?"

"कुठं काय? हितं. एवढा मोठा फोड आलाय, तुमाला कळला न्हाई?"

बयाबाई खाली बसली. "तिथं कळतच न्हाई काई. आन वर निस्ता वारा लागला तरी आग. मूळ राहिलंय, पोरी. तुज्या मामास्नी सांगू नगंस."

प्रेरणानं लगेच जाऊन बाजीला सांगितलं. बरं केलं. अशी वचनं पाळायची नसतात. बाजीनं मेंढरं मुलाच्या हवाली केली आणि डोक्याला मुंडासं गुंडाळलं.

"चल दवाखान्यात."

"मला न्हाई यायचं."

"तुला न्हाई यायचं, ठीक. मला जायचंय. सोबतीला चल."

एसटीत बूड टेकायला म्हणून त्यानं माझीही घडी बरोबर घेतली. त्यामुळं पुढचं मी कानांनी ऐकलेलं आहे.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. आजार परत आल्याचं काही दिसत नाही, म्हणाले. चिरताना कातडीखालच्या बारीक नसा तुटतात. मग कुठं कळेनासं होतं, तर कुठं नको इतकं कळतं. बऱ्याच बायकांना होतं.

बयाबाईनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "बऱ्याच बायकांना व्हतं, तर मला आदी का न्हाई सांगितलंत?"

"सांगायचं राहिलं असेल."

राहिलं. आमटीत मीठ घालायचं राहतं, तसं. एक बाई मरायची तयारी करून बसली होती, आणि यांचं सांगायचं राहिलं.

व्यायाम शिकवणाऱ्या शेफाली मॅडम मात्र शेजारी खुर्ची ओढून बसल्या. फोड पूर्ण बरा होऊ द्यायचा. मग व्रणाच्या आजूबाजूला रोज थोडा वेळ मऊ मलमल फिरवायची. ती सोसली की जुनं सुती लुगडं, मग टॉवेल, मग त्याहून खरखरीत. कातडीला हळूहळू सवय होते, कधी पुरती, कधी अर्धी. काखेत गरम काही धरायचं नाही. अंघोळीचं पाणी उजव्या हातानं बघायचं. नवी गाठ, लाली, सूज दिसली तर वाट न बघता यायचं. एवढं सांगून त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

"बाप रे. हिचा नंबर सगळ्यात शेवटी."

बयाबाई हसली. बाजी तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. मला राग आला नाही.

येताना एसटीत ती म्हणाली, "घोंगडी फेकली तवा तुमाला काय वाटलं?"

"मला वाटलं, मलाच फेकलं."

"तुमी टोचत न्हाई एवढं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मलमल फिरवायला सुरुवात झाली तेव्हा ती दार लावून घ्यायची. पुढं दार उघडं राहू लागलं. ठकुबाईनं एकदा टोमणा मारलाच, "लेकरू न्हाऊ घातल्यावानी काय चोळत बसलीस?"

"नसा तुटल्यात, त्यास्नी वळण लावतीया. मूळबीळ काई न्हाई. आन जाऊबाई, स्तन म्हनत्यात त्याला. म्हना की एकदा."

ठकुबाई पदर तोंडाला लावून उठली. पण शेक द्यायला पुन्हा आली नाही.

सगळा उन्हाळा टॉवेलनं खाल्ला. मग माझी पाळी आली. बयाबाईनं माझं एक टोक घेतलं आणि व्रणाजवळ लावलं. कळ निघाली, तिनं हात काढला. थोड्या वेळानं परत लावला. तुम्हाला वाटेल, आता ही म्हणणार, सगळं पहिल्यासारखं झालं. नाही झालं. डाव्या अंगावर मी आजही तिला सोसत नाही. ती आत जुन्या लुगड्याची मऊ घडी घालते आणि मला उजव्या खांद्यावर घेते. पण मेंढरांमागं जाते.

परवा माळावर एक मेंढी व्याली. बयाबाईनं कोकरू उचलून छातीशी धरलं आणि त्यानं नेमकी डावीकडं ढुशी दिली. बाजी पुढं चालला होता, तो वळला.

"लागलं का?"

"लागलं," ती म्हणाली.

त्यानं कोकरू तिच्याकडून काढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघं उताराला लागली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, कसरीची कीड लागू देऊ नका, एवढं सांगितलं की माझ्यासारखीनं गप्प बसायचं असतं. ते सगळं कराच. पण तुमच्या घरी आई, आजी, मावशी, कुणीही अशी दवाखान्यातून आली, तर मायेनं का होईना, तिच्या अंगावर काही टाकण्याआधी तिला विचारा. आणि ती सोसत नाही म्हणाली, तर तिचंच खरं धरा.