सकाळचं पाणी

"काटा पाह्य, पोरी! काटा!"

उल्हासराव ओरडले तेव्हा तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. बेंगळुरूच्या होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याच्या जरा अलीकडे, पुढे ट्रक आणि मागे कंपन्यांच्या बसगाड्या. वीणाचा पाय ब्रेकवर गेला.

"मध्येच थांबू नको. एसी बंद कर. हीटर लाव, पुरा गरम."

"बाबा, गाडी ऑलरेडी तापलीय आणि हीटर काय लावू?"

"लाव म्हणतो ना! इंजिनाची गरमी आत येते. काचा खाली घे. आता हळूहळू डावीकडे."

गरम हवेचा झोत दोघांच्या तोंडावर आला. काटा केसभर खाली उतरला, आणि तेवढ्या सवलतीत वीणाने गाडी एका पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. ती पाण्याची बाटली घेऊन धावली, तसा उल्हासरावांनी तिचा हात धरला.

"झाकणाले हात लावू नको. तापलेलं उघडलं का उकळतं पाणी थेट तोंडावर येते. थंडी होऊ दे तिले."

उल्हासरावांनी उभा जन्म एसटीच्या स्टिअरिंगमागे काढला होता. नागपूर विभागातला असा रस्ता नव्हता की ज्याचे खड्डे त्यांना पाठ नव्हते. मे महिन्यातल्या दुपारी, डांबर पाघळत असताना, त्यांनी गाड्या घाटातून वर नेल्या होत्या. बायको गेल्यावर नागपूरचं घर बंद करून ते बेंगळुरूला लेकीकडे आले. तेव्हापासून एचएसआर लेआउटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ते लोकांच्या गाड्या बघत असत. काचबिंदूने एका डोळ्याचा बराच उजेड नेला होता. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, त्या दिवशी उल्हासराव घरी येऊन नुसते "बरं" म्हणाले होते. आजही डोळ्याच्या तपासणीलाच ते निघाले होते. वीणाने दवाखान्यात फोन करून वेळ पुढे ढकलली.

पंपावरच्या माणसाने मागच्या गल्लीतून मेकॅनिकला बोलावून आणलं. पन्नाशीचा, अंगाने रुंद, खांद्यावर तेलकट फडकं. त्याने हिंदीत विचारपूस सुरू केली. तेवढ्यात वीणा वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही सावलीत बसा ना," आणि तो एकदम वळला.

"मराठी का तुम्ही? आम्ही पण मराठीच की! नरसिंह माझं नाव. पणजोबाच्या आधीपासून इथंच आम्ही. घरात बोलतो तेवढंच मराठी. बाहेर सगळं कन्नड." मग उल्हासरावांकडे बघून म्हणाला, "अण्णा, स्वल्प वेळ लागेल. गाडी थंड होऊ दे, मग शेडपर्यंत ढकलून नेऊ. तिथं होंगेच्या झाडाखाली बसा."

होंगेचं झाड म्हणजे करंज हे उल्हासरावांना पानं बघून कळलं. डेपोच्या फाटकाशीही एक करंज होता. ते खाली स्टुलावर बसले, पण फार वेळ बसवेना. गाडी ढकलत शेडपाशी आणून नरसिंहने बॉनेट उघडलं तसे ते उठून शेजारी जाऊन उभे राहिले.

नरसिंहने इंजिन क्षणभर चालू करून पाहिलं. "फॅन सरी आहे, नीट फिरतोय." मग त्याने रेडिएटरच्या जाळीवरून पालथा हात फिरवला. "अण्णा, तुम्ही बघा हात लावून."

उल्हासरावांनी हात लावला. वरचा भाग चांगलाच तापला होता, मधे आणि खाली मात्र जागोजागी गार.

"पाणी फिरून नाही राहिलं," ते म्हणाले.

"हां. आत बुजलंय."

फडकं दाबून नरसिंहने झाकण हळूच सैल केलं, आतल्या वाफेला सुस्कारा सोडू दिला आणि मग काढलं. तोंडाशी पांढरे खपले जमले होते, गिझर उघडल्यावर दिसतात तसे. आत तांबूस, गढूळ पाणी.

"अक्का, ह्यात कूलंट नाहीच. हिरवं नाही, गुलाबी नाही, नुसतं बोअरचं पाणी. किती दिवस कोण घालतंय हे?"

"कोणीच नाही! आम्ही तर बॉनेट उघडतसुद्धा नाही." वीणाच्या कपाळावर आठी पडली. "सर्व्हिसिंगवाले! कूलंटचे पैसे लावतात आणि नळाचं पाणी भरतात. थांबा, बघतेच त्याला."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. रोशन नावाचा कुणी सुपरवायझर होता. वीणाने हिंदीत त्याला फैलावर घेतलं. फोन स्पीकरवर होता, पोराचा आवाज पंचविशीच्या आतला वाटत होता. मॅडम, मी स्वतः कूलंट बघितलं होतं, मॅडम, वर तक्रार करू नका, नवीन नोकरी आहे. ती म्हणाली, "मैं मेल कर रही हूँ, आज के आज."

उल्हासराव रेडिएटरच्या उघड्या तोंडाकडे बघत होते. गाडी रस्त्यात बसली की डेपोत पहिला सवाल ड्रायव्हरला होत असे. साहेबाच्या टेबलासमोर असं चाचरत बोलणं त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, स्वतःचंही.

"वीणा, फोन ठेव."

"थांबा हो बाबा—"

"ठेव म्हणतो. त्या पोराचा काही दोष नाही. पाणी मी घालत होतो."

वीणाचा फोन धरलेला हात खाली आला. पलीकडून रोशनचा "हॅलो, मॅडम?" असा बारीक आवाज येत राहिला. तिने त्याला कसंबसं सॉरी म्हटलं आणि फोन बंद केला.

"तुम्ही? कधी?"

"रोज सकाळी. तुम्ही उठायच्या आधी." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "एक दिवस पाहिलं तर पाणी कमी होतं. घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. मग रोजच पाहू लागलो. आमच्या वेळी तर गाडी काढायच्या आधी पहिलं काम हेच. आता पाण्यानं गाडी बिघडते, हे मले नव्हतं माहीत."

नरसिंहने आतून दाब तपासायचा छोटा हातपंप आणला, रेडिएटरच्या तोंडाला बसवला आणि दाब भरला. हातपंपावरचा दाबाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. तो गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज आला.

"सापडलं! खालचा होज पाइप चिरलाय. थेंब थेंब गळतंय. फार दिवसांचं आहे."

बाहेर येऊन त्याने हात पुसले. "असं झालंय अक्का, कूलंट गळत गेलं आणि पाणी भरत गेलं. बोअरच्या पाण्यात चुना, त्यानं जाळी बुजली. पण अण्णांनी पाणी घातलं नसतं तर गाडी तेव्हाच कुठंतरी बसली असती. हे पण खरं, ते पण खरं."

"इंजिन?" उल्हासरावांनी विचारलं. "हेड गेलं का?"

नरसिंहने तेलाची पट्टी काढून त्यांच्यासमोर धरली. उल्हासरावांनी ती आपल्या चांगल्या डोळ्याजवळ नेली. तेल काळसर होतं, पण स्वच्छ. पाणी मिसळून दुधासारखं झालं नव्हतं. पाणी भरून इंजिन चालवलं तर तोंडाशी बुडबुड्यांची उकळीही फुटली नाही.

"वाचलं, अण्णा. हीटर लावून बाजूला घेतलीत म्हणून."

रेडिएटर धुऊन साफ होण्यातला नव्हता. नवा आणायला नरसिंह स्वतः स्कूटरवर गेला. बाप-लेक करंजाखाली बसून राहिले. समोरच्या टपरीवरून वीणा इडल्या घेऊन आली.

"मला सांगायचं ना, बाबा. पाणी कमी होतंय म्हणून."

"काय सांगू? तू रात्री थकून येते. सकाळी पळतच निघते. म्हटलं, निदान पोरीची गाडी रस्त्यात थांबू नये." त्यांनी इडलीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "इथं मले काम काय आहे, सांग. भांडी मशीन घासते, झाडू मशीन मारते. भाजी घरपोच येते. सकाळी जाग येते तेव्हा तुमचं सगळं घर झोपलेलं. खाली पार्किंगमध्ये गेलो का बरं वाटते. एक गाडी तर आहे आपली."

वीणाच्या डोळ्यांसमोर पार्किंगमधला ओला ठिपका आला. रोज ती तो बघत असे. वॉचमन गाडी पुसतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. वडिलांच्या प्लेटमधली चटणी संपली होती. आपली वाटी तिने त्यांच्यापुढे ठेवली.

"मी चिडले त्या रोशनवर," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं."

"त्याची नोकरी नवीन आहे," उल्हासराव म्हणाले.

दुपार कलली तेव्हा नवा रेडिएटर बसला, नवा पाइप बसला, वरून हिरवं कूलंट ओतून झालं. नरसिंहने झाकण उघडंच ठेवलं आणि हाक मारली.

"अण्णा, आत हवा अडकलीय ती काढायची आहे. तुम्ही सीटवर बसा, रेस धरा. मी इथं बघतो."

उल्हासराव जागचे हलले नाहीत. "मले मनाई आहे. डोळा..."

"चालवायची कुठं आहे? जागेवरच तर आहे. रेस एकसारखी धरायला पाय पाहिजे, आणि तो तुमच्यासारखा कुणाचा असणार इथं?"

उल्हासरावांनी वीणाकडे पाहिलं. तिने किल्ली पुढे केली.

चपला बाहेर काढून ते आत बसले. गुडघे अडले म्हणून सीट मागे घेतली. गिअर हलवून न्यूट्रल पाहिला, हँडब्रेक ओढला. मग स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि किल्ली फिरवली.

"स्वल्प वाढवा... अजून... बस्स! आता तिथंच."

पाय तिथंच राहिला. आवाज चढला नाही की उतरला नाही. रेडिएटरच्या तोंडाशी मोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग कधीमधी एखादाच. नरसिंह थोडं थोडं कूलंट ओतत होता. फॅन चालू झाला, बंद झाला, पुन्हा चालू झाला. काटा मध्यावर येऊन थांबला. शेवटी नरसिंहने झाकण घट्ट बसवलं, बॉनेट खाली घेतलं आणि हात धुवायला तो शेडमागे गेला.

आता रेस सोडायला हरकत नव्हती. पण उल्हासरावांनी सोडली नाही. समोर करंजाचं खोड होतं, त्यापलीकडे भिंत. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.

वीणाने डावीकडचं दार उघडलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली. उतरा म्हणाली नाही. दोघंही भिंतीकडे बघत बसले, आणि गाडी एका सुरात चालत राहिली.

मग उल्हासरावांनी हळूहळू पाय उचलला. किल्ली फिरवली. उतरून चपला घातल्या. वाकून सीटखालची दांडी ओढली, आणि लेकीचे पाय नीट पोचतील एवढी सीट पुढे सरकवून ठेवली.