ईस्टरच्या सोमवारची तारीख

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबीच्या गोदीजवळ मासळीचा एक कारखाना होता. तिथं हेझल आणि मॅक्सिन एकतीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. हॅडॉक माशांचे काटे काढायचे, कातडं सोलायचं, तुकडे बर्फाच्या खोक्यात रचायचे. जेवणाची सुट्टी एक, चहाचा फ्लास्क एक, गुडघेदुखीचं मलमसुद्धा एक. मॅक्सिनचं लग्न झालं तेव्हा हेझल तिच्या शेजारी उभी होती. हेझलचा घटस्फोट झाला तेव्हा मॅक्सिन कोर्टाच्या बाकावर तिचा हात धरून बसली होती. नोव्हेंबरात कारखाना बंद झाला आणि दोघी एकाच दिवशी बेकारी भत्त्याच्या ऑफिसात नाव नोंदवायला गेल्या. दोघीही साठीला टेकलेल्या.

मी टेसा. मी गावच्या लायब्ररीत काम करते. पुस्तकं देणं-घेणं कमी आणि लोकांना कॉम्प्युटरवर फॉर्म भरून देणं जास्त, असं आता आमचं काम झालंय. त्यामुळे या गोष्टीचा काही भाग मी डोळ्यांनी पाहिला. उरलेला हेझलनं मला सांगितला.

भत्त्याचं सगळं आता ऑनलाइन असतं. प्रत्येकाचं एक खातं. ऑफिसचे निरोप त्या खात्यात येतात, ऑफिसात हजेरी लावायची तारीख त्यात येते आणि ‘मान्य’ असं बटण दाबून ती आपण कबूल करायची, नाही तर ऑफिसातून फोन येतो. हेझलला लिहिता-वाचता येत नव्हतं असं नाही. पेपर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. पण स्क्रीन समोर आली की तिची बोटं थिजायची. तिचा फोनही जुना, बटणांचा. म्हणून तिचं खातं मॅक्सिननं आपल्या फोनवर उघडून दिलं. पासवर्डही मॅक्सिननंच ठरवला आणि हेझलच्या बसच्या पासामागे पेनानं लिहून दिला. दर बुधवारी दुपारी हेझल मॅक्सिनच्या स्वयंपाकघरात बसायची, चहा व्हायचा, आणि मॅक्सिन तिला निरोप वाचून दाखवायची.

हेझलची हजेरी एक सोमवार सोडून एक सोमवार असे. एप्रिलात ती नेमकी ईस्टरच्या सोमवारी आली. भत्ताही त्याच दिवशी जमा व्हायचा होता. शुक्रवारी गुड फ्रायडे, सोमवारी ईस्टरची सुट्टी, म्हणजे चार दिवस ऑफिस बंद, बँका बंद.

त्या आधीच्या बुधवारी मॅक्सिननं फोन हातात घेतला आणि बराच वेळ वाचत राहिली.

“काय गं, एवढं मोठं पुराण लिहिलंय?” हेझलनं विचारलं.

“नेहमीचंच. सोमवारी सुट्टी, म्हणून तुझी तारीख मंगळवारी ढकललीये. साडेदहाला.”

“आणि पैसे?”

“ते उद्याच पडतील. सोमवारचे गुरुवारी.”

“म्हणजे पैसे अलीकडे आणि मी पलीकडे? हा कुठला न्याय?”

“सरकार आहे बाई. त्यांचं डोकं त्यांच्यापाशी,” मॅक्सिन म्हणाली आणि फोन पालथा ठेवून बिस्किटांचा डबा काढायला उठली.

गुरुवारी सकाळी पैसे खरंच जमा झाले. हेझलला वाटलं, चला, सुट्टीचा एवढा तरी फायदा. तिनं गुड फ्रायडेचे, वर क्रॉस काढलेले गोड पाव आणले, खिडक्या पुसल्या. पुढचा भत्ता नेहमीच्या तारखेलाच येणार, म्हणजे हे पैसे चार दिवस जास्त पुरवायचे, हे तिला ठाऊक होतं. तरी सण होता. तिनं मॅक्सिनला निरोप दिला, उद्या माझ्याकडून मासे.

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे तळलेल्या माशांच्या दुकानाबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत जाते. दोघी त्या रांगेत पाऊण तास उभ्या होत्या. मॅक्सिननं केस सेट करून घेतले होते.

“कुणासाठी गं एवढा थाट?” हेझलनं चिडवलं. “कीथचं लक्ष तरी जातं का?”

“सण आहे ना,” मॅक्सिन म्हणाली.

कीथ म्हणजे मॅक्सिनचा नवरा. त्याची फुप्फुसं कामातून गेली होती; जिना चढला की त्याला दहा मिनिटं बोलता यायचं नाही. हेझलनं त्याच्यासाठीही एक मासा बांधून घेतला. मॅक्सिन नको नको म्हणत होती. नेहमी ती असं म्हणायची नाही, पण हेझलला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

मंगळवारी साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना हेझल ऑफिसच्या दारात उभी राहिली. दारावरच्या माणसानं यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली.

“तुमचं नाव नाही आज.”

“असं कसं? नीट बघा. हेझल. एच.”

शेवटी गॅरेथ बाहेर आला. तो हेझलची केस बघणारा अधिकारी. तिशीतला, मृदू बोलणारा. तो तिला आपल्या टेबलापाशी घेऊन गेला.

“हेझल, तुम्ही गुरुवारी का आला नाहीत? मी सव्वाअकरापर्यंत वाट पाहिली.”

“गुरुवारी? माझी तारीख आज आहे. सुट्टीमुळे पुढे गेली ना.”

“पुढे नाही, मागे आली. सोमवारची गुरुवारी. मी सविस्तर लिहिलं होतं. आणि तुम्ही मान्यही केलंत, बुधवारी.” त्यानं स्क्रीन थोडी तिच्याकडे वळवली. “जमणार नव्हतं तर आधी कळवायचं तरी.”

 हेझलच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की मॅक्सिन वाचताना चुकली. बिचारी, कीथच्या खोकल्यानं रात्रभर झोपली नसेल. आणि दुसरा विचार असा की पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नसतो, हे यांना कळलं तर मॅक्सिनच्या मागे झेंगट लागेल. म्हणून ती म्हणाली,

“माझाच घोळ झाला. गुरुवार, मंगळवार. सुट्ट्यांमध्ये वारच कळत नाहीत हो.”

गॅरेथनं खाली बघत ते लिहून घेतलं. “मला हे वर पाठवावं लागेल. कारण पुरेसं वाटलं नाही तर भत्ता कापतात. आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं.”

“कुठल्या?”

“निरोपात लिहिलंय की. पुन्हा एकदा वाचा.”

पुढच्या वेळेची माणसं येऊन उभी राहिली होती. हेझल उठली.

ती ऑफिसातून थेट लायब्ररीत आली. अंगात कोट, हातात निळी फाइल, आणि बसचा पास उलटा धरलेला. म्हणाली, “पोरी, हे उघडून दे मला. माझी मीच वाचते.”

मी खातं उघडलं. तिनं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. सोमवारी सुट्टी असल्यामुळे तुमची भेट गुरुवारी, साडेदहाला. इथवर तिचा आवाज सरळ होता. पुढं लिहिलं होतं: त्याच वेळी पवनचक्क्यांच्या यार्डातल्या कॅन्टीनच्या मॅनेजर ऑफिसात येत आहेत. त्यांना स्वयंपाकघरात एक बाई हवी आहे, दिवसपाळी, कायमची जागा. मी तुमचं नाव सुचवलं आहे. तुम्ही कारखान्यात पाळीप्रमुख होता, हे त्यांना फार आवडलं. नक्की या.

खाली ‘मान्य’ची खूण होती. बुधवार, चार वाजून वीस मिनिटं.

हेझलनं चष्मा काढला. “टेसा, हे बटण चुकून दाबलं जातं का गं?”

“दोनदा विचारतं ते,” मी म्हणाले. “नक्की का, म्हणून.”

“आणि ते कॅन्टीनचं... निरोप उघडला की ते सगळं दिसतं? का कुठंतरी आत असतं?”

“सगळं एकत्रच दिसतं, हेझल.”

 मी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. मग ती म्हणाली, “चार वीसला आम्ही बिस्किटं खात होतो.” आणि उठून गेली.

मॅक्सिनच्या घरी काय झालं ते हेझलनं मला दोन दिवसांनी सांगितलं.

मॅक्सिननं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळ्या, न घसरणाऱ्या तळव्यांचे नवे बूट होते, अजून खोक्यात. शेजारी पांढरा एप्रन, इस्त्री केलेला. हेझलनं ते पाहिलं आणि तिला काही विचारायची गरज उरली नाही. तरी तिनं विचारलं.

“गुरुवारी तू गेलीस?”

“माझी पण तारीख बदलली होती गं. माझीही गुरुवारीच. तुझं तेवढं वाचताना माझ्या डोक्यात वार उलटेसुलटे झाले. चार दिवस सुट्टी म्हटलं की कुणाचंही...”

“कॅन्टीनचं वाचलंस?”

मॅक्सिननं एप्रनची घडी उलगडून पुन्हा घातली.

“मॅक्सिन, वाचलंस की नाही?”

“वाचलं.”

“आणि मंगळवार म्हणालीस.”

पलीकडच्या खोलीत कीथ खोकत होता. मॅक्सिननं दार लोटून घेतलं.

“तुला एकटीचं पोट आहे, हेझल. माझ्याकडे बघ. तो माणूस तिथं बसलाय, त्याचा श्वास मोजत मी दिवस काढते. ती बाई तिथं बसून होती. तू आली नाहीस, मग मी उठून म्हटलं, तेच काम मीही केलंय. तिनं घेतलं मला. मी काही चोरी नाही केली.”

“मला सांगितलं असतंस तर मी तुला देऊन टाकली असती ती जागा. गॅरेथला म्हटलं असतं, मॅक्सिनला भेटवा. तुला माहीत आहे मी म्हटलं असतं.”

“तेच तर!” मॅक्सिन एकदम ओरडली. “तू दिली असतीस! पाळीप्रमुख कोण, तर हेझल. निवृत्तीच्या पार्टीत भाषण कुणी करायचं, तर हेझलनं. मी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षं वाजवल्या. एक गोष्ट मला तुझ्या हातून घ्यायची नव्हती. एक!”

हेझल मला म्हणाली, “टेसा, हातात घड्याळ नसताना किती वाजले ते मी तिच्याकडे बघून सांगायचे. ती थकली की जेवणाची सुट्टी जवळ आली समजायचं. एवढं मी तिला ओळखायचे. आणि या टाळ्यांचं मला कधी कळलंच नाही.”

निघताना तिनं एवढंच विचारलं होतं, “मग शुक्रवारी माझे मासे कशाला खाल्लेस?” मॅक्सिननं बुटांच्या खोक्याचं झाकण लावलं.

ऑफिसचं पत्र आठवड्यानं आलं. न आल्याबद्दल बारा दिवसांचा भत्ता कापला होता. मी हेझलला म्हटलं, फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण खरं लिहायला हवं. तुमच्या घोळाचं नव्हे, जे झालं ते. ती दोन दिवस विचार करून आली. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. “माझ्या खात्यातले निरोप माझी मैत्रीण मला वाचून दाखवत असे,” इथं आल्यावर मी थांबले.

“नाव घालायचं?”

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिच्या चेहऱ्यावरून तसंच वाटत होतं.

“घाल,” ती म्हणाली. “पूर्ण घाल. आडनावासकट.” मग स्क्रीनकडे बोट करत, “आणि मैत्रीण काढ तिथून. बाई लिही. ओळखीची बाई.”

मी तसं लिहिलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर मेमधला सुट्टीचा सोमवार येऊन गेला. हेझल घरातली हीटिंग बंद ठेवून, अंगावर दोन स्वेटर घालून माझ्याकडे येऊन बसायची, कारण लायब्ररीत ऊब फुकट मिळते. उत्तर थोडक्यात होतं. खातं आणि पासवर्ड सांभाळण्याची जबाबदारी खातेदाराची आहे, तो दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, निर्णय कायम. मॅक्सिनच्या नावाचा त्यात उल्लेखही नव्हता. तिला कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. ती रोज सकाळी यार्डात जात होती.

“म्हणजे नाव घेऊनही काही झालं नाही,” हेझल म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. तिलाही सांगता आलं नसतं.

जूनमध्ये हेझलला माशांना धुरी देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आठवड्याचे तीन दिवस काम मिळालं. उरलेल्या दिवसांचा थोडा भत्ता अजून चालू आहे, म्हणून हजेरी आहेच. आता ती स्वतःच खातं उघडते. पासवर्ड बदललाय, तो कुठंही लिहिलेला नाही. एका बोटानं टाइप करते, प्रत्येक निरोप दोनदा वाचते, आणि सुट्टी जवळ आली की मला विचारते, “मागे की पुढे?” मी सांगितलं तरी माझ्या शब्दावर ती विसंबत नाही. स्क्रीन आपल्याकडे वळवून घेते. मला त्याचा राग येत नाही.

गेल्या महिन्यात मॅक्सिन लायब्ररीत आली. कीथच्या आजारपणाच्या भत्त्याचा फॉर्म भरायचा होता. माझं काम आहे, मी भरून दिला. ती चांगली दिसत होती, जरा बारीक झालेली. सही झाल्यावरही ती उठेना. बॅगेची चेन उघडत होती, लावत होती.

“हेझल येते का इथं?”

“येते. सोमवारी.”

“मग मी सोमवारी नाही येणार.” तिनं पुन्हा चेन उघडली. “माझ्याबद्दल काही बोलते? शिव्याबिव्या देते?”

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं.

“नाही,” मी म्हणाले. “तुमचा विषयच काढत नाही.”

मॅक्सिननं मान हलवली, फॉर्मची घडी घातली आणि कोटाची बटणं न लावताच बाहेर वाऱ्यात गेली.